काबिगतिंग जोडीची सही

मोलो, इलोइलो
१७ ऑगस्ट २०१६, बुधवार

प्रिय आर्नेल,

आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही बरा असशील. तुझ्या शेवटच्या मेसेजप्रमाणे तुझं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं असणार, आणि तिथं म्हणे सध्या कडाक्याची थंडी. लोकरीचं काहीतरी अंगात घालत जा.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर कठीण प्रश्न आला की तुझी रेंज जाते. कागदाची जात नाही.

नानायचे गुडघे पुन्हा धरलेत, पण तुझी आई ऐकते थोडीच! रोज चर्चला जाते. तिला तिथं पोचवून मी औषधाच्या दुकानात जाते. शेजाऱ्यांनी आणखी दोन डुकरं आणलीत, वाऱ्याची दिशा फिरली की जेवण नको होतं. स्वयंपाकघरावरचा पत्रा मी बदलून घेतला. घरचं इतकंच.

आता मोठी बातमी. काबिगतिंग जोडी इलोइलोत येऊन गेली! शनिवारी, मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात. इतकी वर्षं मनिलाच्या पुढं न सरकणारी माणसं आपल्या गावात आली. मी निळा ड्रेस इस्त्री केला, दुकानातून अर्धी रजा काढली. नानाय म्हणाली, "भुताखेतांची गोष्ट लिहिणाऱ्यांना भेटायला इतकं नटायचं? बिशप आले तेव्हा तर चपलेवर गेली होतीस."

त्यांची पुस्तकं मला का आवडतात हे तू हजारदा ऐकलंयस. तरी पुन्हा लिहिते, कारण या वेळी मला ते माझ्या नावानं लिहायचंय.

मला त्यांची पासिता आवडते. मनिलाच्या एका दाटीच्या वस्तीत, वस्तीच्या कचेरीत बसून भांडणं मिटवणारी ती जाडी, दम्याची बाई. टेबलाच्या एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला न दिसणाऱ्यांपैकी कुणीतरी. झाडावर बसून चिरूट ओढणारा तो काप्रे, उड्डाणपुलासाठी त्याचं झाड तोडलं म्हणून मोबाईलच्या टॉवरवर जाऊन बसलेला, पानांचा आडोसा गेल्यानं सारखा शिंकणारा. वाटसरूंना चकवणारा घोडतोंड्या तिकबालांग, सगळ्यांच्या फोनवर नकाशे आल्यापासून बेकार झालेला. पासिता कुणाची बाजू घेत नाही, आधी दोघांना जेवायला घालते आणि मग विचारते, "आता बोल, तुझं काय हरवलं?" आमच्या काउंटरवर गोळ्या घ्यायला येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच विचारायला हवं असतं.

आणि मला ती दोघं आवडतात. नवरा-बायको मिळून एक वाक्य कसं लिहीत असतील, यावर आपण किती भांडलो! विनोद ओमेरचे, असं तू म्हणायचास. मी म्हणायची, पैजेवर सांगते, सोलचे. दोन माणसांचा मिळून एक आवाज होतो, याचा तो पुरावा वाटायचा मला. आपलं लग्नही मी तसंच समजत होते.

पहिलं पुस्तक मी तुला धक्क्यावर दिलं होतं. तू म्हणालास, "मी आयुष्यात फक्त इंजिनचं माहितीपुस्तक वाचलंय, तेही चित्रं बघून." आणि पनामाहून फोन केलास, "ही बाई तिकबालांगच्या थोबाडीत मारते आणि तो माफी मागतो! पुढचं कुठाय?" मग ते ठरूनच गेलं. प्रत्येक नवं पुस्तक मी आधी वाचायचं, समासात पेन्सिलीनं तुझ्यासाठी लिहायचं, ती प्रत तू न्यायचीस, आणि मी माझ्यासाठी दुसरी घ्यायची. दर रविवारी दोघांनी एकच प्रकरण. तू समुद्रावर, मी आपल्या पायरीवर. मैत्रिणी विचारायच्या, नवरा वर्षातले दहा महिने नसतो, तुला करमतं कसं? मी नुसती हसायची.

रांगेत माझ्या हातात ते पहिलंच पुस्तक होतं, तुझ्या इंजिनाच्या तेलाचा डाग पडून परत आलेलं. ओमेर टकला, बडबड्या, प्रत्येकाशी हात मिळवणारा. सोल बारीक, चष्म्याआडून बघणारी. सह्या ती आधी करायची, मग तो.

"कुणाच्या नावानं?" सोलनं विचारलं.

"मरीफे आणि आर्नेल," मी म्हटलं. "तो जहाजावर असतो. आम्ही तुमचं एकच प्रकरण एकाच रविवारी वाचतो, तो तिकडं, मी इकडं."

ओमेरनं टेबलावर हात आपटला. "अहो ताई, काय योगायोग! अगदी हीच गोष्ट मागच्या महिन्यात शेजारच्या सेबू बेटावर ऐकली. तोही जहाजावरचा, इंजिन खात्यातला. सोल, कानाखाली भाजल्याचा डाग होता बघ, तो. त्याचंही नाव आर्नेलच!"

"ओमेर," सोल म्हणाली.

"थांब गं, फोटो आहे माझ्याकडे. आम्ही वाचकांचे फोटो काढतो ना. त्याची बायको सगळी पुस्तकं घेऊन आली होती, ताई. समासात काय सुरेख टिपा लिहिल्यात तिनं! नवऱ्यासाठी! मी त्यातल्या तीन-चार माईकवरून वाचून दाखवल्या. टाळ्या पडल्या. ती बिचारी लाजून लाल... हा बघा."

तू होतास. मी घेतलेल्या चौकड्यांच्या शर्टात. शेजारी केस मोकळे सोडलेली बाई आणि तुझ्या मांडीवर बाळ, तुझंच नाक घेऊन आलेलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आटपा की." मी हसले, आर्नेल. कुठून आलं ते हसू देव जाणे. "आर्नेल नावाचे पुष्कळ असतात," म्हटलं, पुस्तक सही न घेताच उचललं आणि निघाले.

सरकत्या जिन्यापाशी सोलनं मला गाठलं. रांग तशीच सोडून, धापा टाकत आली होती. म्हणाली, "त्या टिपा तुमच्या होत्या ना? 'पासिता पोट भरलेलं असलं की खोटं बोलते, भुकेली असली की खरं.' ही?"

"हो."

"आम्ही हे वाक्य पुढच्या पुस्तकात घ्यायचं ठरवलंय. सेबूत तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली. पण ते तिचं नव्हतंच. म्हणून आता तुम्हाला विचारते. घेऊ का?"

विचार कर. ज्या लेखिकेच्या एका ओळीसाठी मी जेवण विसरायची, ती माझी ओळ मागत होती. आणि या सगळ्यात मला विचारणारी ती पहिलीच. तू विचारलं नाहीस, त्या बाईनं विचारलं नाही, परस्पर देऊनसुद्धा टाकलं.

"नको," मी म्हणाले. "घेऊ नका."

तिनं मान हलवली. "बरं. नाही घेत." माझा हात दाबला आणि गेली. विनोद कोण लिहितं ते विचारायचं राहूनच गेलं.

तू दुसरी बाई केलीस. जहाजावरच्यांच्या बायका याची धास्ती घेऊनच माप ओलांडतात; मी काही वेगळ्या मातीची नाही. करार वाढला म्हणून थापा मारल्यास, त्याही कदाचित गिळल्या असत्या. पण रविवार तिला कसा दिलास? माझं अक्षर तिचं म्हणून माईकवर वाचलं जात असताना तू काय केलंस? टाळ्या वाजवल्यास? रात्रंदिवस मी तेवढंच डोळ्यांपुढं आणते. तुझे तळवे एकमेकांवर येताना.

शनिवारपासून मी पासिताचं एक पान उघडू शकलेले नाही. उघडलं की वाटतं, हे वाक्य तुम्ही दोघांनी मिळून वाचलंय. माझी एकुलती चैन होती ती. तीही गेली.

घरी आले तेव्हा नानाय भाजी निवडत होती. म्हटलं, "नानाय, आर्नेल सेबूत आहे."

मला वाटलं, ती छाती पिटेल, तुला शिव्या घालेल. तिनं देठ मोडला आणि विचारलं, "बाळ दिसलं का तुला? कुणावर गेलंय?"

माझ्या पायाखालची जमीन खरी सरकली ती तेव्हा. मॉलमध्ये नाही.

"तुला माहीत होतं?"

"नाताळपासून."

"आणि मूग गिळून बसलीस? रोज तुझे पाय चोळते मी!"

"म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू निघून गेली असतीस. मग मला कोण होतं?"

तिनं तुझी बाजू घेतली असती तर कडाकडा भांडले असते. तिनं फक्त स्वतःची घेतली.

दोन दिवस घरात चमच्यांचाच आवाज होता. काल बघते तो तिनं बॅग भरलेली. म्हणाली, "मरायच्या आधी नातवाला एकदा मांडीवर घ्यायचंय. बोटीवर बसवून दे." मी विचारलं, "पत्ता?" तिनं तो पाठच म्हणून दाखवला, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीसकट. मला, तुझ्या लग्नाच्या बायकोला, नवऱ्याचा पत्ता सासूच्या तोंडून कळला.

रागाच्या भरात म्हटलं, "जा. परत येऊ नकोस." ती खुर्चीला धरून उभी राहिली, आणि गुडघा दुमडेना म्हणून मोजा घालायला माझ्याकडेच पाय पुढं केला. मी घातला. बसून घातला. आईविना वाढले मी, आर्नेल, आणि या घरात तुझ्यापेक्षा ती जास्त होती. तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत, पण रडू मला तिच्यासाठी आलं.

उद्याच्या बोटीनं तिला पाठवते. हे पत्र तिच्याच पिशवीत आहे. तिला धक्क्यावर घ्यायला तू स्वतः ये, रिक्षावाल्याला पाठवू नकोस, हे मेसेजनं आधीच कळवते. तिच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत. सकाळची जेवणाआधी, नाहीतर तिला चक्कर येते. भात मऊ लागतो. तुझ्या तिथल्या बाईला सांग, म्हातारी रागावली की जेवत नाही, दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

आपल्या देशात घटस्फोट नाही, नवरा कायद्यानं सुटत नाही. आडनाव सोडायला कुणाची परवानगी लागत नाही, ते मी आजपासून सोडलं, माहेरचंच लावते. घर माझ्या नावावर आहे, कुलूप बदललंय. नानायला वाटलं तर येऊ दे, तिला किल्ली दिली आहे.

तुला नाही.

मरीफे गुम्बान