काउंटरवर बसायचं राहून गेलं

१० फेब्रु., मंगळ. अकोला
रक्तपेढीत आपण बनवलेलं सॉफ्टवेअर सकाळी सुरू, दुपारी बंद. रुग्णाचा नोंदणी नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकतच नाही. लोक धावत येतात, त्यांच्याकडे नुसतं नाव असतं. एका बाळंतिणीचा नवरा वीस मिनिटं ताटकळला. शेवटी काउंटरवरच्या कमलताईंनी कीबोर्ड बाजूला सारला, जुनं रजिस्टर काढलं, रक्ताची पिशवी दिली. बाई बरी आहे.

११ फेब्रु.
रक्तपेढीच्या डॉक्टरांनी विचारलं, "हे आधी कसं लक्षात नाही आलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "टेस्टिंग वैशालीकडे होतं." माझी ही सहकारी शेजारीच बसली होती. तिनं लॅपटॉप मिटला. परतताना अमरावतीपर्यंत गाडीत मागे बसली.

खरं इथे तरी लिहावं. जूनमध्ये ती म्हणाली होती, "सर, थोडं थोडं बनवू, दर पंधरा दिवसांनी दाखवू. मले एक दिवस काउंटरवर बसू द्या." मी उडवून लावलं. आधी सगळं कागदावर, सह्या, मग काम, मग एकदम हातात देणं. बावीस वर्षं असंच करत आलो. १४० पानं झाली. कमलताईंना त्यातलं एकही दाखवलं नाही.

१६ फेब्रु.
वै.चा राजीनामा. दोन ओळी. नऊ वर्षं सोबत होती. थांब म्हणायचं धाडस झालं नाही.

९ मार्च, अकोला
आठवडाभर काउंटरमागे बसलो. आता नावानेही शोधता येतं. दर शुक्रवारी नवीन काय ते दाखवतो. कमलताई म्हणाल्या, "आता जमलं बगा. पण त्या मॅडम काहून नाई आल्या?" फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेलो.

२० मार्च
या पद्धतीतही ठेच. काउंटरवर मागितलं तेच करत गेलो आणि सरकारी तपासणीला लागणारा अहवाल सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा राहून गेला. माझ्या १४० पानांत होता. वै.ने दोन्ही सांभाळलं असतं. कागद नको असं ती कधी म्हणालीच नव्हती. मीच तसं ऐकलं.

२९ मार्च, रवि.
वलगावला तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी खुर्ची दिली, ते आत गेले. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुझी पद्धत..."
"पद्धतीचं राहू द्या, सर. नंबर नसला तर अडते, असं मी लिहून दिलं होतं तुमाले. माहीत असून माह्यं नाव घेतलं."
"हो."
"डॉक्टरांसमोर घेतलं. मग माफी इथं काहून मागून राह्यले?"
चहा संपवला. निघालो.

४ एप्रिल
सोमवारी अकराला डॉक्टरांकडे मीच बैठक ठरवली. वै.ला कळवलं. तिनं वाचलंय. तिथे चूक कशी कबूल करायची ते आज लिहायला बसलो. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा 'माझ्याकडून'च्या जागी 'आमच्याकडून' उतरलं.