धरणावरची शिडं

माय, तुझ्या भावाच्या होडीला मी शीड शिवून दिलं. तू समुद्र कधी पाहिला नाहीस, म्हणून शीड म्हणजे काय ते आधी सांगते. होडीत उभ्या केलेल्या काठीला मोठं कापड बांधतात. त्यात वारा भरला की होडी वल्ह्याशिवाय चालते. मुंबईला बंदराजवळ एका क्लबात हौशी लोक अशा होड्यांच्या शर्यती लावतात. त्यांची फाटलेली शिडं दुरुस्त करायचं काम मी करते. तू गेल्यावर काही दिवसांतच ते मिळालं, त्यामुळे तुला सांगायचं राहूनच गेलं.

काम मागायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, कुठं शिकलात? मी म्हटलं, धारूरच्या बाजारात. ऊसतोडीला निघालेली माणसं फडावर राहायच्या कोपीवर टाकायला ताडपत्री घ्यायला आलेली आहेत, तू दुकानाच्या पायरीवर बसून दाभणानं जोड घालतेस आणि मी दोऱ्याला मेण लावतेय, हे मला आजही समोर दिसतं. एकदा घाईत मी लांबलांब टाके घातले. तू ओरडली नाहीस. ताडपत्री माझ्या मांडीवर टाकलीस अन् म्हणालीस, "उसव समदं. हिच्याखाली कुनाचं तरी लेकरू निजनार हाय." मी मुसमुसत सगळं उसवलं.

मागच्या हिवाळ्यात माजलगावच्या धरणावर मामाकडे गेले, तेव्हा तो होडी विकायला निघाला होता. त्याचा उजवा खांदा वर जात नव्हता. सकाळी पाणी शांत असताना तो कसाबसा वल्हवत जाळ्यांपर्यंत पोचायचा, पण परत येताना हात भरून यायचे. मामी म्हणाली, घरात खायला लागतात तेवढे मासेही आता येत न्हाईत. आणि दुपारी गावाच्या दिशेनं वाहणारा तो सगळा वारा नुसता वाया जात होता. मुंबईला परतल्यावर मी क्लबाच्या साहेबांना विचारलं, जुन्या शिडांचं काय करता? शीड जरा सैल पडलं की ते शर्यतीला चालत नाही, कापड मात्र भक्कम असतं. त्यांनी कारण विचारलं, मी मामाचं सांगितलं. ते ऐकून लोक आपापल्या घरी पडलेली शिडंसुद्धा घेऊन आले. एस.टी.त गठ्ठे चढवताना कंडक्टरनं विचारलं, बाई, लग्नाचा मांडव हाय का?

पहिलं शीड मी फार मोठं बेतलं. मामाची होडी सपाट बुडाची, वारा भरताच ती कलली आणि जाळं, मासे, मामा सगळे भिजले. काठावरची माणसं हसली. हे समुद्राचं सोंग इथं चालायचं न्हाई, असं एकजण म्हणाला. मी मामीच्या अंगणात बसून शीड उसवलं, निम्म्याहून लहान केलं, काठीही आखूड केली. दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर उभी होते. लांबून एक पांढरा ठिपका दिसला, मग मामा दिसला. तो मांडीवर हात ठेवून बसला होता. होडी लागली तरी उतरेना. मग म्हणाला, "आगं, हातांचं काय करावं त्येच कळंना बग."

आता काठावरच्या बऱ्याच होड्यांना शिडं आहेत. सोंग म्हणणारा तो माणूसही स्वतःच्या होडीसाठी एक घेऊन गेला. मी सुट्टीत जाते, बायकांना शिवायला शिकवते, वाकडा टाका दिसला की उसवायला लावते. मामा सगळ्यांना सांगत फिरतो, पोरीची शिवण अगदी माझ्या बहिणीवर गेलीय. मी मान खाली घालून हसते.

हे कुठं पाठवणार, म्हणून घडी करून ठेवतेय. पण तुला एवढं सांगते, दुसऱ्या कुणापाशी बोलले नाही. माय, माझी शिवण आता तुझ्यापेक्षा चांगली आहे.