निजलेलं बाळ

२६ एप्रिल
राजधानीतून सरड्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. मण्यांचा सरडा, म्हणजे आमच्या मोताग्वा खोऱ्यातलं 'निजलेलं बाळ', इथे जिवंत दिसला तर डोंगर राखीव होईल. नाहीतर खरबूजवाले तो नांगरणार. निरीक्षक म्हणून मला नेमलं. योग्य माणूस निवडला. उद्या पहाटेपासून घळीत.

२७ एप्रिल
पहाट हुकली. पायात गोळे.

३० एप्रिल, सकाळ
सापडला! काळा, शेपटीवर पट्टे. मेहुणा मकारिओ म्हणाला, "दाजी, हा साधा गारोबो. याच्याच भावाचं कालवण काल ओरपलंत." मकारिओला शास्त्र कळत नाही. नोंद मात्र खोडली.

३ मे
क्रुसाच्या सणाला गाव जमलं होतं. भाषण ठोकलं. हा प्राणी शेपटीने वीज ओढून आणतो ही अंधश्रद्धा, दिसला तर मारू नका! आमची ओदिलिया चारचौघांत म्हणाली, "माझ्या बापानं एक सोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी सेइबाच्या झाडाखाली वीज पडून जळाला. तेव्हा कुठं गेलं होतं हो तुमचं शास्त्र?" निव्वळ योगायोग. बायकोला कोण समजावणार? मकारिओने मात्र बापाची शपथ घेतली, मारणार नाही म्हणून. काय बोललो मी आज!

९ मे
घळीत ऊन फार. निरीक्षण पडवीतूनही होतं. निजायची झोळी बांधली.

१४ मे, दुपार
आला! कोंबडीच्या अंड्यांच्या वासाने थेट आमच्या अंगणात. मी झोळीत. मकारिओने हलवून उठवलं. काठी हाताशी होती, पण त्याने उचलली नाही. "शब्द दिलाय दाजी. आता सांभाळा तुमचं बाळ." डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या निघाल्यात. मी राखणीला बसलोय.

१४ मे, संध्याकाळ
आभाळ दाटलं. गडगडलं तेव्हा सरडा उंबऱ्यापाशी होता. आत ओदिलिया लेकीला पोटाशी धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर तिला समजावलं असतं.

कोयता माझ्याच हातात होता.

मण्यांसारखे खवले, जाड शेपूट, पिवळट पट्टे. ओळख अगदी पक्की. डॉक्टरीणबाई आल्या, त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मकारिओ म्हणाला, "दाजी, मी तर शब्द पाळला होता हो."

ढग कोरडेच गेले. वीज कुठेच पडली नाही. हाही योगायोगच, हे गावाला नीट समजावून सांगायला हवं.