ट्रॉयला घोट्याचं कसं कळलं?

१४ जून
दीना काल अमेरिकेहून घरी आली आणि आज जेवताना म्हणते—कॉलेज सोडतेय! दोन वर्षं तिकडच्या छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजकडून भाला फेकला, आता मोठं बघायचं म्हणे. खेळाडूला कॉलेज बदलायचं तर तिथे एका पोर्टलवर नाव लावतात. मग ज्यांना पोरगी हवी ते फोन करतात. स्थळं बघावीत तसं!
“पण का?”
“कोच सेड आय शुड.”
रूथने? दर रविवारी मला फोन करून, पोरगी नीट जेवते की नाही ते सांगणाऱ्या रूथने?
“नक्की काय म्हणाली?”
“देअर्स नथिंग हिअर फॉर यू. दॅट्स इट, मम.” ताट उचलून गेली. डोळे भरले होते.
काहीतरी आहे.

१५ जून
माझा नवरा संभाजी म्हणतो, “लता, लॅबमधलं डोकं घरी आणत जाऊ नकोस.” इथल्या ‘ते रापा’ भागातल्या डेअरीच्या कारखान्यात मी दुधाची पावडर तपासते. समोर येईल ते आधी खराबच धरायचं, मग चांगलं ठरवायचं. त्यात चूक काय?

१९ जून
आज नाव लागलं. दीनाचा टोस्ट संपायच्या आत फोन! मोठं विद्यापीठ—ज्यांच्या स्पर्धा टीव्हीवर दाखवतात त्या कॉन्फरन्समधलं, म्हणजे कॉलेजांच्या गटातलं. ट्रॉय नावाचा कोच. आवाज मधाळ. माझ्याशीही बोलला. “किया ओरा, मिसेस वानखेडे!” हा आमच्या इकडचा नमस्कार अमेरिकेतल्या याला शिकवला कोणी?
मग दीनाला म्हणतो, तुझ्या डाव्या घोट्याची काळजी करू नकोस, आमचे डॉक्टर बघतील.
घोटा! भाला सोडताना डावा पाय रोवावा लागतो, तिथे तिला गेल्या वर्षी लागलं होतं. आम्ही घरचे आणि रूथ—बाहेर कोणाला माहीत नाही. व्हिडिओत दिसत नाही.
मग ट्रॉयला कसं कळलं?
दीना खुशीत. संभाजीही खुशीत. जरा जास्तच.

२१ जून
रविवार. रूथचा फोन नाही. मी लावला, उचलला नाही.
मला वाटतं ते असं—घोटा आता पूर्ण बरा होत नाही हे रूथला कळलंय. म्हणून पोरगी दुसऱ्याच्या गळ्यात मारली. ट्रॉयलाही ठाऊक आहे, पण त्याला एक हंगाम पुरतो. नंतर तो कशाला ओळख दाखवेल?

२७ जून
सकाळी दीनाबरोबर ट्रॅकवर गेले. धुकं इतकं की भाला सुटला की दिसेनासाच व्हायचा, मग लांबून मातीत घुसल्याचा आवाज. मला त्यातलं काही कळत नाही. मी घोट्याकडे बघत होते. एकदाही लंगडली नाही. ठणठणीत!
मग रूथने हाकललं का?
परतताना विचारलंच. “दीना, तू काही केलंस का तिकडे?”
“लाइक व्हॉट?”
“भांडण. मुलगाबिलगा. काहीही.”
“ओ माय गॉड, मम.”
गाडीत बसली आणि कानात इअरफोन घातले.

४ जुलै
संभाजी फोन घेऊन गाडीत जाऊन बसतो! या आठवड्यात पुन्हा पुन्हा. इथे दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर दंव पडलंय, घरात हीट पंप चालू, आणि हा माणूस काचा वर करून गाडीत. विचारलं तर म्हणे ऑफिसचं. शनिवारी?
दीना दिसली की फोन खिशात.

५ जुलै
आज गेलेच. दार उघडून सरळ शेजारच्या सीटवर बसले. संभाजीचा चेहरा बघण्यासारखा. फोनवर—रूथ!
“स्पीकरवर घे,” म्हटलं. घेतला.
ट्रॉयला घोट्याचं तिनेच सांगितलं. नाव लागताच बघा, दुसऱ्या कोणाला मिळायच्या आत घ्या, असं तिनेच त्याच्या मागे लागून सांगितलं. लपवून पाठवली असती तर पहिल्या दुखण्यालाच बाजूला बसवली असती, म्हणाली.
“मग माझ्या पोरीला इतकं तोडून का बोललीस?” माझा आवाज चढला होता. इंग्रजीत मला नीट चढवता येत नाही, तरी चढला.
रूथ म्हणाली, मला जेवढं येत होतं तेवढं तिला शिकवून झालं. यापुढे माझ्याजवळ राहिली तर तिचा भाला इथेच पडत राहील. मी प्रेमाने सांगितलं असतं तर ती गेली नसती. चिडली, म्हणून जातेय. हंगाम सुरू होईपर्यंत तिला सांगू नका.
“तुला यात काय मिळतं?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मी अशीच आहे.
ती हसली. “आमची टीम शेवटून पहिली येईल!”
फोन ठेवल्यावर आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. संभाजी म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर तू पोटात ठेवलं असतंस?”
नसतं ठेवलं.

६ जुलै
रात्रभर वाटत राहिलं—इतकं चांगलं कोणी असतं का? अजून काहीतरी असेल. शोधलं. सापडलं नाही.

१५ ऑगस्ट
दीनाला सोडून आलो. एअरपोर्टच्या आधी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात थांबून चिवडा, लसणीची चटणी, मेतकूट घेतलं. ट्रॉयने सगळी कागदपत्रं वेळेत पाठवली, घोट्यावर उपचार करू असं लेखी दिलं. तरी मला तो मधाळ आवाज पटत नाही.
आत जाताना दीनाने मिठी मारली आणि कानाशी विचारलं, “डिड शी एव्हर कॉल? रूथ?”
“नाही,” म्हटलं.
मान हलवली. वळून नाही बघितलं.

१२ सप्टेंबर
दीनाचा फोटो. नवीन रंगाची जर्सी. खांद्याला खांदा लावून उभ्या बाकीच्या पोरी तिच्यापेक्षा उंच! लिहिते—आय ॲम द वर्स्ट वन हिअर. पुढे हसरे चेहरे, ओळभर.

३ ऑक्टोबर
सकाळी दीनाचा फोन. हुंदके देत होती. रूथला कॉलेजने काढून टाकलं. आपली सगळ्यांत चांगली खेळाडू स्वतःच बाहेर पाठवली म्हणून. जुन्या टीममधल्या पोरींनी दीनाला सगळं सांगितलं, ट्रॉयला रूथनेच गाठलं होतं तेही.
“मम, शुड आय गो बॅक?”
त्या मोठ्या विद्यापीठात तिने जाऊ नये म्हणून मी काय काय शोधलं होतं!
“नाही,” म्हटलं. “तिथेच थांब. आणि फेक.”