टाचण्यांसकट

४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

घशाचं दुखणं वाढलं, स्वरयंत्र काढावं लागेल, हे तू कोटाच्या अस्तराबद्दल लिहिता लिहिता एका ओळीत उरकलंस. धन्य आहे तुझी.

तुझ्या नातीनं, चिमणीनं, ते ऐकलं. तिला फक्त इंग्रजी येतं. पण तुझा आवाज आहे तोवर तुझ्याशी तुझ्या भाषेत बोलायचं, असं तिनं ठरवलंय. शिकवणीच्या बाई म्हणाल्या की, इंग्रजीवाल्यांना स्पॅनिश म्हणजे उंबरठा, आपली भाषा म्हणजे डोंगर. जपानी, अरबी त्याहून उंच. इतक्यात जमणार नाही. पोरगी हटेना. हट्ट कुणाचा उचललाय, ते लिहीत नाही.

बाईंची रीत अशी, की रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकत त्याच्या मागोमाग सावलीसारखं बोलत जायचं. चिमणीला तुझाच आवाज हवाय. रोजचंच बोल, आणि पाठव.

माया आहेच, ती त्यात येऊ दे.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपली भाषा डोंगर? इथे रांगती पोरं तो चढतात, आणि मला कुणी सांगितलं नाही! काल गिऱ्हाइकाला म्हटलं, कोट उद्या नक्की देते. म्हटलं, आणि थबकलेच. सगळे शब्द न बोलावता रांगेत उभे. केवढं हे! (कोट उद्याही होणार नाही, ते वेगळं.)

शिवता शिवता बोलले आहे. मशीनची खडखड चालवून घे. ऑपरेशन महिनाअखेरीस. भीती वाटते. ती टेपमध्ये घातली नाही.

सुनेला आशीर्वाद, चिमणीला पापा.
आई

२० मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

चिमणी मधूनच ओठ आवळून दातांतून बोलते. बाई चक्रावल्या, असे उच्चार त्यांच्या पुस्तकात नाहीत. मी ओळखलं. तू तोंडात टाचण्या धरून बोलली आहेस! तिला वाटतं, आपण सगळे असेच बोलतो. हसून पोट दुखलं.

पण आई, ती तुझीच वाक्यं म्हणते. स्वतःचं एकही जुळत नाही. क्रियापद येईतो श्वास धरते, आणि वाक्य निसटतं. मग रडते. ऑपरेशनच्या आत होईलसं दिसत नाही.

रागावू नकोस, विसरू नकोस.
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आवाज गेला. जखम बरी आहे. शेजारीण माझ्या वतीने बोलते, आणि माझ्यापेक्षा दुप्पट बोलते.

काल चिमणीचा फोन आला. शेजारणीनं माझ्या कानाशी धरला. वाटलं, तू टेपच लावलीस. तोच सूर, टाचण्यांसकट. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

मग ती म्हणाली की, मी औषध टाळते हे तिला शेजारणीकडून कळलंय, हे चालायचं नाही, ती येईल तेव्हा बाटली रिकामी दिसली पाहिजे.

असं मी कुणाला जन्मात म्हटलं नाही. कुठल्याच टेपमध्ये नाही. माझ्या आवाजात कुणी नवीनच माणूस बोलत होतं. मी अंग चोरून ऐकत राहिले.

उत्तर कुठून देणार? फोनवर नखानं टिचकी मारली. तिनं विचारलं, हे हो समजू का.

मी दुसरी मारली.

तुम्हा तिघांवर जीव लावून,
आई