चौदा पायांचा उलटा ठसा

सोलापूर, ता. ९ ऑक्टोबर १९७७

रा. रा. व्याही हिंदुराव यांस,

कोंडीबाचा हात जोडून रामराम. कार्डाऐवजी पाकीट आलं म्हणून घाबरू नये. इकडे सगळे खुशाल आहेत, मजकूर कार्डात मावेना एवढंच. आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला बसला का? (माझा बसला होता, पण इतका अचानक का बसला या काळजीनं परत सुरू झाला.)

आपलं म्हणणं मी विसरलेलो नाही. दिवाळीपर्यंत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचं काही जमलं नाही तर जावईबापूंनी मथुराला घेऊन नातेपुत्याला यावं आणि घरची आडत बघावी, हे आपण बोललात तेव्हा मीही मान डोलावली होती. पण लेक गावात आहे तोवर संध्याकाळी टेकायला मला एक दार आहे. ती गेली की मी आणि माझी खाट. हे तेव्हा बोलायचं राहिलं.

तर झालं असं, की लग्नकार्यात लाउडस्पीकर लावणाऱ्या मकदूमभाईंनी जावईबापूंना एक ॲम्प्लिफायर करायला सांगितला. चालला तर आणखी घेणार, नाही तर सलाम. त्याच्या पोटात तांब्याचा पत्रा चिकटवलेली एक पट्टी असते. तिच्यावर रंगानं वाटा आखायच्या, मग पट्टी तांबं खाणाऱ्या पाण्यात बुडवायची, की रंगाखालचं तेवढं तांबं उरतं. प्रत्येक सामानाचे पाय जिथं उतरतात तिथं त्यांचा ठसा काढावा लागतो. नेहमीच्या सामानाचे ठसे जावईबापूंकडे तयार आहेत. पण या खेपेला त्यांनी मुंबईहून एक काळी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान वस्तू आणली, तिला चौदा पाय! (गोमेला असतात ते मी समजू शकतो, ती चालते तरी.) हिचा ठसा कुठंच तयार मिळेना. जावईबापू म्हणाले, "मामा, तुमी जन्मभर चौकटीच्या कागदावर चादरीची नक्षी काढली. एवढं काढून द्या की. वरून दिसतंय तसं काढा. पाय वरून भोकात जाणार आन् तांबं खाली, म्हणून उतरवताना कागद मी पालथा घालीन."

मी चष्मा पुसून, श्वास धरून चौदा टिकल्या काढल्या, एक नंबरच्या पायाला खूण केली आणि घरी आलो. संध्याकाळी जेवायला बसलो. दुसऱ्या घासाला आठवलं. आमच्या कारखान्यात चादर मागावर पालथी विणायचे, म्हणून मालकाचं नाव कागदावर उलटं काढायचं. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण उलटं काढण्यात माझा हात कोणी धरला नाही. तोच हात इथंही चालला होता! एक नंबरचा पाय जिथं हवा तिथं चौदावा. जावईबापूंकडे ती वस्तू एकच, जळाली की दिवाळीआधीच नातेपुतं.

तसाच उठून दुकानात गेलो, तर पट्टी पाण्यातून निघून वर सगळं सामान डाग देऊन जोडून झालेलं. मकदूमभाई खुर्चीवर. "बैठो चाचा, घाम किती आलाय, चाय पिओ." सांगायला तोंड उघडलं, त्यात चहा गेला. जावईबापूंनी बटणाला हात घातला. मी दाराबाहेर जाऊन दोन्ही कानांत बोटं घातली. दारात उभी मथुरा तोंडाला पदर लावून हलत होती, मी समजलो रडते आहे. बोटं काढली तर मकदूमभाईंचं "हॅलो, हॅलो" साऱ्या गल्लीत घुमत होतं आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. व्याहीबुवा, पायरीवरच बसलो.

मकदूमभाई गेल्यावर जावईबापूंनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा, कागद पालथा घालायचाच म्या इसरलो. मग हे चाललं कसं?" माझ्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हंजे म्या इसरणार हे तुमाला ठावं होतं व्हय?"

मी खोकलो. (खोकला असा कामाला येतो.) तेव्हापासून ते मला वाकून नमस्कार करतात.

तेव्हा आडतीला दुसरं माणूस बघावं, ही विनंती. विहीणबाईंस नमस्कार.

आपला,
कोंडीबा

ता. क. मकदूमभाईंनी आणखी सहा सांगितले. जावईबापूंनी आता सोळा पायांची वस्तू आणली आहे आणि म्हणतात, "मामा, तुमाला वाटंल तसं काढा." सुलटं काढलं आणि ते विसरले तर? उलटं काढलं आणि त्यांना आठवलं तर? खरं सांगावं तर नमस्कार जातो. तरी मी यातून सुटावं म्हणून आपण तार करावी : गुडघा दुखावला, कोंडीबास धाडा. (गुडघा खरोखरच दुखतो, म्हणजे खोटं होणार नाही.)

ता. क. दुसरा. तारेत 'एकट्यास' हा शब्द जरूर घालावा. नाही तर बापाच्या काळजीनं दोघंही दुकानाला कुलूप लावून निघतील, आणि एवढं सुलटं झालेलं माझ्याच हातानं उलटं व्हायचं.