चारही तुकडे

ता. २६-२, सकाळ

प्रिय ताई,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून हे पाकीट फाडून टाकावंसं वाटेल. फाड, पण वाचून.

आम्ही बरे आहोत. ह्यांची बदली टळली. बबडी पहिलीत गेली, तू शिवलेला फ्रॉक आता गुडघ्याच्या वर येतो.

बरे आहोत हे खोटं आहे, ताई. वर तारीखसुद्धा आकड्यांत घातलीय, तो शब्द लिहवेना.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या काउंटरवर मी एका पेशंटला पुढची तारीख सांगत होते. नवे डॉक्टर मागेच उभे. म्हणाले, "बाई, फेब्रुवारी काय? फेब-रु-ए-री. लोक हसतात." हसले ते एकटेच, पण माझी मान वर होईना. घरी येऊन शब्दकोश काढला. चार तुकडे, दोन 'र'. पहिला 'र' खुद्द इंग्रजही गिळतात म्हणे. मूळ लॅटिन. शुद्ध होण्याचा, पापं धुण्याचा महिना.

पोरीवर अशी वेळ येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. तिला वर्गात महिने म्हणून दाखवायचे होते. ती 'फे'वर अडकायची. फे-फे-फे. तू तीन वर्षांपूर्वीच म्हणाली होतीस, "अडखळते गं ती, माझ्या वर्गात आण." आणि मी म्हटलं होतं, "तुझ्या तोतऱ्या पोरांत माझी मुलगी बसणार नाही."

सात तारखेला तिला बाथरूममध्ये घालून मी बाहेरून कडी लावली. नीट म्हणशील तेव्हाच उघडेन, म्हटलं. दिवा लावला नव्हता. हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. आतून 'फे-फे' येत होतं, मधेच रडणं, मधेच 'आई'. मी दाराला कान लावून उभी. पाऊण तासानं शब्द आला. स्वच्छ. चारही तुकडे, दोन्ही 'र'.

ताई, मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर ती बोललेली नाही. आज एकोणीस दिवस झाले. शाळेत नाही, बापाशी नाही, झोपेतसुद्धा नाही. घसा दाखवला, घशाला काही झालेलं नाही म्हणतात. काल तिच्यासमोर बसून म्हटलं, "बबडे, काहीही म्हण. चुकीचं म्हण, राणी. शिवी दे मला." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

ये ना गं. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणीही पिऊ नकोस. तू आलीस की मी बाहेर पायरीवर जाऊन बसेन. पण तिच्याजवळ बस.

तिची आई असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच

तुझी धाकटी